दारात आलेली इम्पाला

उखर्डू आणि भिकुबाईचं लग्न लागलं त्या दिवशी मांडवातला एक टवाळ पाहुणा ओरडला होता, "वा रे देवा, उकिरड्याच्या घरी भीक आली! आता काय कमी?" मांडवभर हशा पिकला. नवरदेवही हसला. नावंच तशी, त्याला कोण काय करणार? दोघांच्याही आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून एकाला जन्मल्या दिवशीच उकिरड्यावर लोळवून घरात आणलं, आणि दुसरीला सुपात घालून शेजारणीच्या ओटीत टाकलं नि मूठभर दादर ज्वारी देऊन परत मागून घेतलं. मृत्यूला वाटावं, हा माल टाकाऊ आहे, कशाला हात लावा. मृत्यू फसला. दोघंही जगली आणि पारोळा-धुळे हायवेवरच्या पिंपळखेड्यात, रस्त्याला लागून असलेल्या शेवटच्या घरात त्यांनी संसार थाटला. दारासमोर एक निंब होता आणि निंबापलीकडे डांबरी सडक.

पण टाकाऊ म्हणून वाचलेल्या याच उखर्डूच्या हातात वयाच्या छत्तिसाव्या वर्षी अशी एक चीज आली, की जिच्याकडे बघायला जळगावची माणसं दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर यायची.

जळगावात रतिलालशेठची जिनिंग होती. उखर्डू तिथे कापसाच्या गठाणींचा ट्रक चालवायचा. सदुसष्ट साली शेठने मुंबईहून इम्पाला आणली. आभाळी रंगाची. पुढे एवढं लांब बॉनेट, की त्यावर चार माणसांची पंगत बसावी. मागे तीन या बाजूला नि तीन त्या बाजूला असे सहा लाल गोल दिवे. स्टिअरिंग डावीकडे, गिअर स्टिअरिंगच्याच दांड्याला, आणि पुढची सीट सोफ्यासारखी अखंड. गाडी आणली खरी, पण डाव्या बाजूने चालवायला कोणी धजेना. शेठने सगळ्या ड्रायव्हरांना अंगणात उभं केलं. उखर्डू पुढे झाला, आत बसला, दोन मिनिटं नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून राहिला, आणि मग त्याने ती गाडी फाटकातून अशी बाहेर काढली, की नाटकात पहिल्या प्रवेशाला राजा यावा. घाई नाही, धक्का नाही, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत याची पुरती जाणीव.

त्या दिवसापासून वीस वर्षं त्याने दुसऱ्या गाडीला हात लावला नाही.

सकाळी पाचला तो गाडी पुसायला घ्यायचा. बायका लेकराला न्हाऊ घालतात तसं, कानामागून, बोटांच्या बेचक्यांतून. इंजिनाचे आठही सिलिंडर तो आवाजावरून ओळखायचा. "आज तिसऱ्याचा घसा बसला आहे," असं म्हणायचा आणि बॉनेट उघडल्यावर तिसऱ्याचाच प्लग काळा निघायचा. तिचं एकच दुखणं होतं. पेट्रोलची मूळ नळी एकदा चिरली, तसली दुसरी कुठे मिळेना, तेव्हा धुळ्याच्या नूर महंमद मिस्त्रीने तांब्याची नळी बसवून दिली. ती इंजिनाला जरा जास्तच जवळून जायची. वैशाखात खान्देशच्या सडकेवर नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची नि गाडी धापा टाकत उभी राहायची. त्यावर औषधही नूर महंमदनेच सांगितलं होतं. ओलं फडकं नळीवर गुंडाळायचं. घटकाभर सावलीत उभी केली तरी चालायचं. उखर्डू घरी आला की भिकुबाईला हे सगळं रंगवून सांगायचा. तिने गाडी फार तर चारदा पाहिली असेल, पण तिचं दुखणंखुपणं तिला सवतीच्या दुखण्याइतकं पाठ होतं.

कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर ड्रायव्हर लोक जमायचे. मालक कोर्टात, दवाखान्यात, बँकेत. आणि हे बाकड्यावर. प्रत्येकाच्या मनात एक गाडी असायची. डॉक्टरांची फियाट चालवणारा रुपचंद म्हणायचा, "आपल्याला एकदा कॉन्टेसा पाहिजे. काळी. काचा पण काळ्या. आत कोण बसलंय ते कळायला नको."

"आत तूच बसलेला असणार. तुला बघून कोणाला काय करायचं?" जीपवाला असलम म्हणायचा. त्याच्या खिशात कॅलेंडरातून कापलेलं मर्सिडीजचं चित्र असायचं, घड्या पडून पडून चार तुकडे झालेलं. तो ते बाकड्यावर जुळवून दाखवायचा. "मेरी तो ये है. बस, चाकं यायची बाकी."

मग सगळे उखर्डूकडे वळायचे. "आणि तुला कोणती पाहिजे, उखर्डूभाऊ?"

"मला दुसरी कोणती नको. हीच."

बाकडं हसून हसून हलायचं. रुपचंद म्हणायचा, "अरे, हे म्हणजे देवळातल्या पुजाऱ्याने म्हणावं, मला नैवेद्य नको, मूर्तीच घरी न्यायची आहे!"

उखर्डू हसायचा, पण त्याच्या पोटात एक गोष्ट होती, जी त्याने बाकड्यावर कधी काढली नाही. एकदा एरंडोलच्या घाटीत संध्याकाळी गाडी रेशमासारखी चालली होती, तेव्हा मागे रेलून बसलेले रतिलालशेठ म्हणाले होते, "उखर्डू, ही गाडी खरी तुझीच बरं का. मी आपला मागे बसणारा पाहुणा."

शेठ बोलून गेले आणि झोपले. उखर्डू मात्र पुढची वीस वर्षं त्या एका वाक्याला जपत राहिला. आपल्याला ते नुसतं कौतुक वाटेल. त्याला तो शब्द वाटला. शेठ माणूस शब्दाचा पक्का, जिनिंगमध्ये कापसाचे सौदे तोंडीच व्हायचे. मग हा सौदा का नाही?

सत्त्याऐंशी साली शेठ गेले. मुलगा किरीटभाई कारभार बघू लागला. मुलगा वाईट नव्हता. त्याने मारुती घेतली, तिचं दार स्वतः उघडून स्वतःच चालवायला लागला, आणि इम्पाला सरकीच्या गोदामात ताडपत्रीखाली गेली. लिटरला चार किलोमीटर चालणारी गाडी त्या दिवसांत कोण फिरवणार? उखर्डूला गोदामाची राखण मिळाली. दर सोमवारी तो ताडपत्री काढून इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचा. पुढे पेट्रोलचा डबा यायचा बंद झाला, तेव्हा तो नुसता आत बसून गिअर बदलायचा. पहिला, दुसरा, तिसरा. सरकी भरायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर किरीटभाईने त्याला पेढीवर बोलावलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाला, "काका, खूप केलंत. आता घरी आराम करा."

उखर्डूने नारळ खाली ठेवला. "शेठ म्हणाले होते, गाडी माझी आहे."

किरीटभाईने चष्मा काढून पुसला. "बापूजी तर सगळ्यांनाच असं म्हणायचे, काका. मुनीमजींना म्हणायचे, ही पेढी तुमचीच आहे. म्हणून मुनीमजी पेढी घरी घेऊन गेले का?"

कोपऱ्यातले म्हातारे मुनीमजी वहीत तोंड खुपसून खुदकन हसले. उखर्डूने वळून त्यांच्याकडे पाहिलं. वीस वर्षं ज्या वाक्याची ऊब होती, ते वाक्य या माणसाकडेही होतं. कदाचित जिनिंगच्या गुरख्याकडेही असेल.

"आणि समजा दिली," किरीटभाई समजुतीने म्हणाला, "तर तिला पाजाल काय? ती पेट्रोल प्याली तर तुम्ही काय पिणार?"

नारळ तिथेच सोडून उखर्डू एसटीने गावी आला. घरात न शिरता थेट खंडेरावाच्या देवळात गेला. तिथे त्याचा चुलतभाऊ झुलाल दिवाबत्ती करत होता. झुलाल गावाचा भगत. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खंडेरावाच्या नावाने बारा बैलगाड्या एकामागे एक साखळीने बांधतात, त्यांवर माणसं लादतात, आणि अंगाला हळद फासलेला भगत कमरेला दोर बांधून त्या एकटा ओढतो. दोन बाजूंना दोन बगले त्याला सावरायला धावतात. पिंपळखेड्याची रीत अशी, की कोणाचा नवस फळला तर त्या वर्षी भगताने कमरेचा दोर त्याला द्यायचा.

उखर्डू देवासमोर उभा राहिला आणि झुलालच्या देखत मोठ्याने बोलला, "खंडेराव महाराज, गाडी मन्हा दारमा येऊ दे. बारागाड्या मी ओढसू."

झुलालने घंटेला हात लावला आणि साक्ष झाली.

मग सुरू झालं वाट बघणं. उखर्डू सकाळी ओट्यावर बसायचा तो दिवे लागेपर्यंत. सडकेवरून ट्रक जायचे, एसट्या जायच्या, कधी फियाट, कधी जीप. तो तोंड फिरवून बसायचा आणि नुसत्या आवाजावरून गाड्या ओळखायचा. भिकुबाई म्हणायची, "आतमा या, भाकरी गार व्हयी राह्यनी." तो बोट वर करून तिला गप्प बसवायचा. एखादा आवाज दुरून जरा भरदार वाटायचा, त्याची मान ताठ व्हायची, आणि मग डिझेलचा ट्रक खडखडत निघून जायचा.

फाल्गुनात धुळ्याहून नूर महंमद भेटायला आला. मिस्त्रीचेही केस पिकले होते. चहाची बशी हातात धरून तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, आणि मग म्हणाला, "भाऊ, गाडी विकली. मुंबईचा हॉटेलवाला आहे कोणी. हॉटेलच्या दारात उभी करणार, शोभेला. बाजूला कुंड्या ठेवणार. आखाजीच्या आधी घेऊन जातील."

"आणि चालवणार कधी?"

नूर महंमदने मान हलवली. "चालवणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी उखर्डू जळगावला गेला. किरीटभाईच्या पायाशी बसला. म्हणाला, मला त्या हॉटेलवाल्याकडे ठेवा, पगार नको, तिथे कुंड्यांना पाणी घालीन. किरीटभाईला खरंच वाईट वाटलं. त्याने मुंबईला फोनही लावला. पलीकडून उत्तर आलं, की माळी आहे. उखर्डू परत आला आणि पुन्हा ओट्यावर बसला.

आखाजीला आठ दिवस होते. भर दुपारी डांबर पाघळत होतं. सडकेवर कुत्रंही नव्हतं. उखर्डू ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता, आणि पारोळ्याकडून तो आवाज आला.

तो उठला नाही. आधी त्याने कान दिला. आठ सिलिंडर. मग अडखळ. मग पुन्हा आठ, मग सहा, मग नुसती धाप. वळणावरून आभाळी बॉनेट दिसलं. गाडी हिसके देत, घरंगळत, निंबाच्या सावलीसाठी कडेला आली आणि उखर्डूच्या उंबऱ्यापासून चार हातांवर येऊन थांबली.

काळा चष्मा लावलेला तिशीचा ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने टायरला लाथ मारली. "काय खटारा गळ्यात बांधलाय! बाबा, इथे मिस्त्री कुठे मिळेल?"

गाडीला काय झालंय ते उखर्डूला कळलं होतं. भिकुबाईलाही कळलं होतं. तो काही बोलायच्या आत ती घरातून आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भिजवून पिळलेलं फडकं. तिने ते नवऱ्यापुढे धरलं.

उखर्डूने फडकं घेतलं. गाडीकडे पाहिलं. आणि त्या फडक्याने आपलं तोंड पुसलं, मान पुसली, आणि ते खांद्यावर टाकलं.

"मिस्त्री धुळ्याला," तो म्हणाला. "नूर महंमद. दुसऱ्या कोणाला ही गाडी कळणार नाही."

"पाणी मारून बघू का?"

"काही उपयोग नाही."

ड्रायव्हरने एक ट्रक थांबवला. "बाबा, जरा नजर ठेवा हं," असं म्हणून किल्ली खिशात घालून तो धुळ्याकडे गेला. भिकुबाई तांब्या घेऊन तशीच उभी होती. मग तांब्या ओट्यावर ठेवून ती आत गेली आणि दार अर्धं लोटून घेतलं.

उखर्डूने गाडीचं दार उघडलं आणि आत बसला. सीटला सरकीचा वास लागला होता. तासाभरात इंजिन गार होईल, मग किल्ली फिरवली तर ही आपोआप सुरू होईल, हे त्याला माहीत होतं. पण किल्ली धुळ्याकडे गेली होती, ती परत यायला फार तर चार तास. चार तास ही इथे आहे.

बातमीला पाय लागतातच. आधी पोरं आली, मग बाया, मग पारावरचा लोटन आपला तंबाखूचा बटवा घेऊन आला. लोटन म्हणजे गावाचं तोंड. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, सहाही दिव्यांना हात लावून पाहिला आणि खिडकीत वाकला.

"उखर्डूभो, हाई तीच का? शेठनी?"

"तीच."

"मंग शेठना पोर्‍यानी शेवट दिधी का तुले?"

स्टिअरिंगवरचे हात तसेच राहिले. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण समोर गाव उभं होतं, आणि गावाच्या डोळ्यांत उखर्डूला आयुष्यात पहिल्यांदा असं काही दिसत होतं, जे इम्पालातून उतरणाऱ्या शेठकडे बघताना लोकांच्या डोळ्यांत असायचं.

"हां," तो म्हणाला. "दिधी."

झालं! कोणी हळदकुंकू आणलं, कोणी नारळ. झेंडूचा हार बॉनेटवर चढला. लोटनने पोरांना हाकलून स्वतः उखर्डूशेजारी बसून घेतलं आणि म्हणाला, "चाल रे भो, धुळे दखाड!" आणि सगळे हसले. तेवढ्यात देवळातून झुलाल भगत आला. त्याच्या मुठीत भंडारा होता. पिवळी मूठ त्याने बॉनेटवर उधळली, उखर्डूच्या कपाळाला बोट लावलं, आणि आखाजीच्या दिवशी काढायचा तो आवाज काढला.

"देव पावना! गाडी दारमा उनी! यंदाना बारागाड्या उखर्डूना!"

गावाने येळकोट केला. अर्ध्या दारातून भिकुबाई बघत होती. उखर्डूने तिच्याकडे पाहणं टाळलं.

ऊन कलल्यावर नूर महंमद आला. ड्रायव्हर बरोबर होता. मिस्त्रीने हार पाहिला, भंडारा पाहिला, गर्दी पाहिली. बॉनेट उघडून नळीला बोट लावलं. नळी केव्हाच गार झाली होती. मग त्याची नजर उखर्डूच्या खांद्यावर गेली. तो जवळ आला आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं बोलला.

"भाऊ, हे फडकं खांद्यावर काय करतंय? याची जागा तर आत आहे."

उखर्डूने खाली मान घातली.

नूर महंमद माणूस मोठा. त्याने मागे वळून ड्रायव्हरला सांगितलं, "टाइम लगेगा. बैठो." आणि मग त्याने कार्बोरेटर उघडला, जो उघडायची काही गरज नव्हती. आठही प्लग काढले, एकेक पुसला, उन्हाकडे धरून पाहिला, पुन्हा पुसला. अर्धा तास, पाऊण तास. तेवढा वेळ उखर्डू आत बसून राहिला. शेवटी ड्रायव्हर घड्याळाकडे बघत उठला. मिस्त्रीने फडकं मागून घेतलं, तांब्यात बुडवलं, नळीला गुंडाळलं, आणि उखर्डूला हाताला धरून बाहेर काढलं.

पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. गाव टाळ्या वाजवत होतं. झेंडूच्या हारासकट इम्पाला धुळ्याकडे निघाली आणि सहा लाल दिवे लहान होत गेले.

टाळ्या थांबल्या. लोटन म्हणाला, "उखर्डूभो, तुनी गाडी कोठे चालनी?"

"रंगाले," उखर्डू म्हणाला. "मुंबईले. रंग दी मंग येई."

लोक पांगले. काहींना पटलं, काहींनी पटवून घेतलं. दिवेलागणीला झुलाल घरी आला. भंडाऱ्याचा बटवा बाजूला ठेवून, भगत नव्हे तर भाऊ म्हणून बसला. त्याला सगळं कळलं होतं.

"गाडी तुनी नही," तो म्हणाला. "मंग नवस कशाना? पारवर उभा राही सांगी दे, बठ्ठा गावसमोर. देव काय नाराज व्हवाव नही. आरे, अठ्ठावन वरीसना तू. मी दर साल ओढस, मले म्हाईत शे. उतारवर गाड्या मांगून येतस, त्यास्ले बिरेक नही ऱ्हास. मानूस पडना, का गया."

"मी 'मनी व्हऊ दे' अशे म्हनेल नही," उखर्डू हळूच म्हणाला. "'दारमा येऊ दे' म्हनेल शे. दारमा उनी. देवनी देवनं काम करं."

चुलीपाशी बसलेली भिकुबाई एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलली. "जलमभर एकच गाडी मांगी. ती बी मांगाले जमनी नही तुम्हले."

आखाजीला अजून आठ दिवस होते. प्रत्येक दिवशी उखर्डू पारापर्यंत जायचा. लोटन विचारायचा, "रंग कोनता देवाना?" आणि तो उत्तर द्यायचा, "हाऊच. आभाळी." एकदा तो तोंड उघडून उभा राहिला. आता सांगणार, असं वाटलं. लोटनने सरकून जागा दिली, "बठ, शेठ," म्हणाला. अर्धी थट्टा होती, अर्धी नव्हती. उखर्डू बसला आणि आलेला शब्द गिळला. मरण परवडलं, पण त्या पारावर उभं राहून "ती माझी नव्हती" हे म्हणणं त्याच्याने होणार नव्हतं. त्याने स्वतःशीही ते कधी म्हटलं नव्हतं.

आखाजीची संध्याकाळ. देवळापासून नाल्यापर्यंतची उताराची वाट शिंपडून ठेवलेली. बारा गाड्या साखळीने जखडलेल्या, एकेकीवर वीस वीस माणसं, डफ घुमतोय. उखर्डूला हळद लावली होती. कमरेपर्यंत उघडा, पोट सुटलेलं, दंडाची कातडी लोंबणारी. वीस वर्षं सोफ्यासारख्या सीटवर बसलेलं ते शरीर होतं. बायकांच्या घोळक्यात भिकुबाई नव्हती. ती घरातून निघालीच नव्हती. मागच्या गाडीला खांदा लावायला धुळ्याहून आलेला नूर महंमद उभा होता.

झुलालने पाच फेऱ्या घातल्या आणि दोर हातात घेऊन समोर आला. रीतीप्रमाणे त्याने मोठ्याने विचारलं, "कशाना नवस?"

डफ थांबला. झुलालने दोर लगेच पुढे केला नाही. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. बोल, अजून बोल.

"गाडी दारमा उनी," उखर्डू म्हणाला.

शब्द शंभर टक्के खरा होता. गावाने त्यात जे ऐकायचं ते ऐकलं, आणि येळकोटाने आभाळ भरलं. झुलालने डोळे मिटून दोर बांधला आणि स्वतः उजवा बगला होऊन उभा राहिला.

पहिल्या हिसक्याला काहीच हललं नाही. दुसऱ्याला उखर्डूच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि मागून नूर महंमद आणि दहाबारा जणांनी खांदे घातले. चाकं कुरकुरली. एक वाव, दोन वाव, आणि मग उतार लागला. आता ओढायचं काही उरलं नव्हतं, आता फक्त पुढे राहायचं होतं. झुलाल कानात ओरडत होता, "पळ भाऊ, पळ, मांगे देखू नको!" उखर्डू पळाला. छाती फुटत होती, हळद घामाने डोळ्यांत उतरली होती. मागून दोनशेवर माणसांचं वजन खडखडत येत होतं, आणि ज्याने उभ्या आयुष्यात उगाच एक ब्रेक दाबला नाही त्या माणसाचा उजवा पाय, पळता पळता, सवयीने, जमिनीवर रोवला गेला.

तेवढं एक पाऊल पुरलं. तो कोसळला. झुलालने त्याला दंडाला धरून बाजूला फेकलं, म्हणून जीव वाचला. पाय मागे राहिला. पहिल्या गाडीचं चाक घोट्यावरून गेलं.

बारागाड्या नाल्याशी जाऊन थांबल्या. मिरवणूक पुरी झाली होती. नवस फिटला होता.

नूर महंमदने त्याला ट्रकमध्ये घालून धुळ्याला नेलं. पाय राहिला, पण घोटा वळायचा थांबला तो कायमचाच. डॉक्टर म्हणाले, चालाल, काठी घेऊन. गाडी चालवण्याचं कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

महिन्याभराने त्याला घरी आणलं. बाज दारात टाकली होती. लोटन येऊन गेला. बराच वेळ बसला, पाऊसपाण्याचं बोलला, गाडीचा विषय त्याने काढला नाही. जाताना त्याने उखर्डूच्या पायावरची माशी हाकलली. तो गेल्यावर भिकुबाई तेल कोमट करून आणून पायथ्याशी बसली. सडकेवरून ट्रक जात होते.

"भिकु," तो म्हणाला, "एक सांग. किंमत दिधी ना मी?"

तिने पायाला हात लावला, पण तेल चोळलं नाही.

"मंग गाडी कोनी?"

सुजून काळा पडलेला तो घोटा तिने नीट पाहिला. आठ दिवस आणि एक महिना ती या माणसाशी सरळ तोंडाने एक शब्द बोलली नव्हती.

"तुमनी," ती म्हणाली. "आते पाय हालवू नका."